अर्धा केस लांब पोलादमूठ

छापखान्यात त्याला सगळे केसभर म्हणत. कटिंग मशीनवर कागद कापायचं त्याचं काम. गठ्ठा कापून झाला की तो ठरलेलं वाक्य बोले, "केसभर फरक दाखवा, नोकरी सोडतो!" स्वतःच्या डोक्यावर मात्र औषधालाही केस नव्हता. तीस वर्षांत कोणाला फरक दाखवता आला नव्हता, आणि या एका गोष्टीवर तो मान ताठ ठेवून होता. बाकी मान ताठ ठेवावी असं त्याच्याकडे काही नाही, हे त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

एके दिवशी मालकांच्या डोक्यात किडा वळवळला. बिलबुकं छापून ते कंटाळले होते. त्यांनी सुपरहिरोंच्या पत्त्यांचा खेळ काढला. चाळीस हिरो, सगळ्यांच्या चड्ड्या पँटवरून घातलेल्या. डिंकवीर शत्रूला जागच्या जागी चिकटवी, चुंबकबाई तलवारी ओढून घेई, आणि सगळ्यांचा बाप पोलादमूठ, बळ शंभर. बंद पाकिटात पाच पत्ते, आत कोण आहे ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. पोलादमूठ मुद्दाम थोडे छापायचे, म्हणून त्याची शीट वेगळी. खेळ सोपा. दोघांनी आपापले पत्ते एकत्र पिसायचे, टेबलावर पालथे पसरायचे आणि हवा तो ओढायचा. ज्याचं बळ मोठं, त्याने दोन्ही पत्ते घ्यायचे.

पोलादमूठची शीट कापायला आली तेव्हा केसभर थबकला. चित्रकाराने मूठ इतकी कडेला काढली होती की ठरल्या मापावर पातं पडलं तर बोटंच उडणार. "थोटा पोलादमूठ कोण विकत घेणार?" तो पुटपुटला. त्याने मापाची पट्टी अर्धा केस सरकवली, मूठ वाचवली आणि तोंड मिटून घेतलं. डोळ्याला थोडंच दिसणार होतं!

खेळ वणव्यासारखा पसरला. न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी मिशी तशीच सोडून पत्ता बदलायला पळे. निवृत्त हेडमास्तरांनी एका पोलादमूठसाठी धडधाकट छत्री दिली आणि भिजत घरी गेले. आणि गल्लीत सगळ्यांना धूळ चारत होती ती केसभरची बायको.

"वहिनी, कुठला पत्ता ओढायचा ते देव येऊन सांगतो का हो तुम्हाला?" न्हाव्याने एकदा विचारलं.

"देवाला दुसरा उद्योग नाही होय? डोकं लागतं त्याला. तुम्ही डोकं बाहेरून भादरता, आतलं तुम्हाला काय कळणार?"

शेवटी सभागृहात मोठा सामना ठरला. एकीकडे वहिनी, दुसरीकडे शिंपी. पंच मालक. शिंप्याला बिचाऱ्याला आयुष्यात पोलादमूठ मिळाला नव्हता. टेबलावरचे तिन्ही पोलादमूठ वहिनीचे, आणि तिने ते ओळीने तीन वेळा बरोबर ओढले. शिंप्याने सगळे पत्ते गोळा केले, टेबलावर ठोकून सरळ केले आणि कडेवरून अंगठा फिरवला. कापडाच्या कडा चाचपण्यात जन्म गेलेला अंगठा तो.

"हे तीन पत्ते वर येतायत," तो म्हणाला. "वहिनी, काय लावलंत यांना?"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. वहिनी उभी राहिली, पण मालकांनी हात वर केला. "केसभर, तू सांग. माल तुझ्या हाताखालून गेलाय. कापताना फरक पडला असेल?"

केसभर पुढे आला. नाही म्हणावं, तर तीस वर्षांची अब्रू शाबूत आणि बायको चारचौघांत लबाड. हो म्हणावं, तर... त्याने टकलावरून हात फिरवला.

"मालक, पोलादमूठ मीच अर्धा केस लांब कापलाय. सगळेच्या सगळे. आपापले काढून बघा."

खिशांतून, पिशव्यांतून पत्ते निघाले. शंभरेक अंगठे कडांवरून फिरले.

"म्हणजे कोणालाही चाचपून कळतं?" हेडमास्तर ओरडले. "अहो, माझी छत्री!"

संपलं. दुसऱ्या दिवसापासून लोक दुकानात पाकिटं दाबून बघू लागले. दुकानदार खेकसे, "पत्ते आहेत, टोमॅटो नाहीत!" खेळायला बसलं की दोघंही एकाच पत्त्यावर झडप घालत. तीन महिन्यांत मशीनवर पुन्हा बिलबुकं आली. मालकांनी केसभरला काढलं नाही, पण कापलेल्या गठ्ठ्याला पट्टी लावून बघू लागले. त्यापेक्षा काढलं असतं तर बरं, असं त्याला वाटे.

सामन्याच्या दिवशी घरी आल्यावर तो कौतुकाची वाट बघत बसला होता. बायको शेंगा सोलत राहिली. शेवटी त्यानेच तोंड उघडलं.

"तुझ्यासाठी सगळी अब्रू घालवली मी."

"कोणी सांगितलं होतं? शिंप्याला मी पुरून उरले असते."

"म्हणजे? पत्ता लांब आहे हे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच डावापासून."

"मग मला बोलली का नाहीस?"

"रोज केसभर, केसभर करत मिरवत होता ना! म्हटलं, मिरवू देत. दुसरं आहे काय यांच्याकडे."

बायको उठली, एक पोलादमूठ घेतला, त्याची घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला आणि पुन्हा शेंगा सोलायला बसली.

"अजून हलतंय," तो म्हणाला.

"केसभर," ती म्हणाली.