शेठ गाडीखाली

प्रतापनगरच्या जगदेवराव मिस्त्रींना सहा वर्षांपूर्वी रणवीरशेठने गॅरेजमधून हाकललं होतं. चाकाजवळचा बॉल जॉइंट झिजलाय, नुसत्या अलाइनमेंटने स्टिअरिंग सुधारणार नाही, असं ते गिऱ्हाइकासमोर खरं बोलून गेले होते. "म्हाताऱ्याला भास होतात," शेठ सगळ्यांदेखत ओरडला होता.

आता शेठचीच जुनी गाडी रस्ताभर भरकटायला लागली. स्वतःच्या गॅरेजात तीनदा अलाइनमेंट करूनही फरक पडेना, तेव्हा तो मुकाट जगदेवरावांच्या दारात आला.

त्यांनी गाडी जॅकवर उचलून धरली आणि शेठला इस्त्रीच्या शर्टासकट खाली झोपवलं. "त्या जॉइंटवर बोट ठेवा." मग चाक धरून गदागदा हलवलं.

"खटका लागतोय," शेठ पुटपुटला.

"मोठ्याने, शेठ. मला हाकललंत तेव्हा आवाज कसा खणखणीत होता!"