काळ्या दोऱ्याचे कप

मंडळी, आज तिसगावजवळच्या एका वस्तीवर भांडून आले आणि घरी येऊन हे लिहायला बसले आहे.

उन्हाळ्यापुरती माझ्याकडे राहायला आलेली नेमा टांझानियाची, पुण्यात फिजिक्स शिकते. जमिनीतून घरात शिरणारा रेडॉन वायू मोजणं, हा तिचा उन्हाळी प्रकल्प. त्यासाठी बंद खोल्यांत वायूची खूण टिपणारी फिल्म लावलेले कप दोन महिने टांगायचे. आज गोळा करायला गेलो, तर वस्तीवरचे पाचही कप विहिरीत!

"काळ्या दोऱ्यानं टांगल्यालं," तिथली सखूबाई म्हणाली, "करनीच हाय ती, बाई."

"करणी कसली? दोरा माझ्या शिवणाच्या डब्यातला आहे! डोक्यात भुसा भरलाय तुमच्या!"

नेमा एवढंच म्हणाली, "आंटी, आपल्या घरातला कप तरी आहे ना?"

मी "हो" म्हटलं.

तो कप न टांगताच माझ्या खणात पडून आहे. हे गेल्यापासून त्यांची खोली मी उघडलेलीच नाही. दोन महिने रोज कप घेऊन दारापर्यंत गेले. आत कुणीतरी खाकरल्यासारखं वाटायचं, की परत फिरायचे.

सखूबाई निदान भीती बोलून तरी दाखवते.

संध्याकाळी नेमा कप मागेल. तुमच्याकडे आहे का अशी खोली? पहिल्यांदा उघडलीत, तेव्हा सोबत कोण होतं?