वर्ना क्विनेलने शोधलेली रेघ

वर्ना क्विनेलने एकतीस वर्षं आमच्या हार्लो क्रीकच्या रस्त्यांवर टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर तिला एकच नाद लागला, विनिपेगच्या संघाची बर्फावरची हॉकी. तिच्या भावाचा नातू ब्रॉडी त्या संघात दुसरा गोलकीपर होता. दुसरा म्हणजे बाकावर बसणारा. पहिल्याला काही झालं तरच बर्फावर उतरणारा. वर्ना टॅबलेटवर मॅचमागून मॅच बघायची आणि खेळाडूंसाठी बाकाचं दार उघडताना ब्रॉडी दिसला, की मला, तिच्या मैत्रिणीला, कोपरखळी मारायची. "बघ टेरेसा, दार किती झटकन उघडलं!"

लांबच्या संघांचे सामने दाखवणारी एक सेवा तिने त्यासाठी घेतली होती. विनिपेग कॅलिफोर्नियात खेळो नाहीतर फ्लोरिडात, चित्र स्वच्छ यायचं. ओटावाशी गाठ पडली, की मात्र पडदा काळा आणि त्यावर एक ओळ, 'तुमच्या भागात हा सामना उपलब्ध नाही.' ओटावा आमच्यापासून अडीच तासांवर, म्हणून आम्ही त्यांच्या भागातले. त्यांचे सामने त्यांच्याच वाहिनीवर बघायचे, आणि त्या वाहिनीची केबल आमच्या रस्त्याला कधी आलीच नाही.

"पोरगा दोन हजार किलोमीटरवर असला की दिसतो, जवळ आला की गायब!" वर्ना म्हणायची.

दुसरी कुणी असती तर चरफडून गप्प बसली असती. वर्नाला भलताच प्रश्न पडला. आपला भाग संपतो तरी कुठे? एका रविवारी दुपारी ओटावाची कुणाशी तरी मॅच होती. "गाडी काढ," ती मला म्हणाली. टॅबलेट मांडीवर घेऊन ती शेजारी बसली आणि आम्ही पश्चिमेला निघालो. चीजच्या कारखान्यापाशी अंधार. चर्चपाशी अंधार. स्लोनचा पूल ओलांडला आणि पडद्यावर खेळाडू धावायला लागले! मागे आलो, अंधार. पुढे गेलो, मॅच. सहा वेळा पूल ओलांडल्यावर बर्फ काढणारा गाडीवाला थांबला.

"बायांनो, काही हरवलंय का?"

"आमचा भाग," वर्ना म्हणाली.

घरी येऊन तिने टपालाचे जुने नकाशे काढले, बराच वेळ बोट फिरवलं आणि स्वतःशीच हसली. "ही रेघ पिनकोडाची आहे. आणि ती मीच आखून घेतलीये."

झालं होतं असं. पुलाच्या अलीकडची पाच घरं, त्यात वर्नाचंही एक, पूर्वी दुसऱ्या टपालवाल्याच्या, एल्गिन फिचच्या रूटवर होती. एका हिवाळ्यात फिच पूल ओलांडेचना, टपाल पुलावरच्या पेटीत टाकून परत फिरायचा. लोक कुरकुरले, तेव्हा वर्नाने अर्ज करून ती घरं आपल्या रूटवर घेतली. पिनकोड बदलला. तेव्हापासून फिच तिच्याशी बोलला नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी तिच्या भावाचा फोन आला. पहिला गोलकीपर तापाने आडवा झालाय, ब्रॉडी खेळणार. कुठे? ओटावात, दुपारी एक वाजता. बाहेर गोठणारा पाऊस, हमरस्ता बंद. आम्ही कशाबशा पुलापलीकडे पोचलो आणि गाडीतच बसून राहिलो. समोर एकच घर होतं, फिचचं. "दार ठोठावू का?" मी विचारलं. "नको," वर्ना म्हणाली. काचेवर बर्फाचा थर चढत होता.

तेवढ्यात खिडकीवर काठीची टकटक. चौऱ्याऐंशी वर्षांचा फिच, डोक्यावर टोपी, पायात घरातल्या सपाता.

"काय गं, आज टपाल पुलापर्यंतच पोचलं का?"

वर्नाचे कान लाल झाले. "मिस्टर फिच, ती पाच घरं मी घेतली त्याचा तुम्हाला राग आहे, ठाऊक आहे मला."

"घरांचं सोड. गुडघा गेला होता माझा त्या वर्षी. एकाने तरी विचारलं का?"

"नाही विचारलं," वर्ना म्हणाली. " चुकलंच माझं."

"आत या आता. मेलात तर दारातून उचलायचं कुणी?"

साखरेच्या डब्याला टेकवून टॅबलेट ठेवला. फिच बर्फावर दगड सरकवायचा खेळ, कर्लिंग, खेळणारा माणूस, हॉकीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. चौथ्याच मिनिटाला चकती ब्रॉडीच्या दोन पायांमधून आत गेली.

"हाच का तुमचा?"

"हाच," वर्ना दात आवळून म्हणाली.

पण मग पोरगा सावरला. चकती छातीवर घेतली, हातमोज्यात घेतली, एकदा तर पालथा पडून काठीच्या टोकाने अडवली. तेव्हा फिचने टेबलावर अशी थाप मारली की गोड बटर टार्टची बशी उडाली. जादा वेळेत विनिपेग तीन-दोन हरलं. चौतीस फटके ब्रॉडीने अडवले होते. वर्ना पडद्याकडे बघतच राहिली. सहकारी येऊन त्याच्या शिरस्त्राणावर टपल्या मारत होते.

"शेवटच्या गोलात त्याची चूक नाही," फिच ठामपणे म्हणाला. "तो दाढीवाला मध्ये आला."

पाऊस थांबला नव्हता. वर्नाने टॅबलेट बंद केला, खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि विचारलं, "गुडघ्याला काय झालं होतं हो?"

फिचने चहा पुन्हा ओतला आणि सुरुवात केली ती त्याच्या रूटवरच्या मकेनाच्या कुत्र्यापासून. बराच वेळ चाललं ते. वर्नाने मध्ये फक्त दोनदा विचारलं, "मग?"