लॉर्नाच्या टेपमधली चार मिनिटं

लॉर्ना पेल्की शाळेची बस चालवायची, आणि उरलेला सगळा जीव हेमलॉक बँडवर. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात हेमलॉक कुठेही वाजू दे, ही बाई माइकची काठी रोवून उभी! आणि का नसावी? ते लोक एकच गाणं दोनदा सारखं वाजवतील तर शपथ. उभ्या उभ्या सुचेल ते वाजवायचे, वाजलं की गेलं वाऱ्यावर. राहायचं ते लॉर्नासारख्यांच्या कॅसेटवर. स्टुडिओत घासूनपुसून केलेल्या रेकॉर्डींचं काय लोणचं घालायचंय?

कुणीही तिला कोरी कॅसेट पाठवावी, ही गाणी भरून परत पाठवायची. पैशाचं नाव काढलं की दार बंद. कव्हरवर तारीख, गाव आणि शेवटी 'खोट': कोण खोकलं, वारा कुठे घुसला, सगळं खरंखुरं. पंचेचाळीस मिनिटांनी कॅसेटची बाजू संपायची; उलटायला नाहीतर बदलायला चव्वेचाळिसाव्या मिनिटालाच हिचं बोट बटणावर. एकदा मानेला गांधीलमाशी चावली, तरी हूं की चूं नाही. माइक चालू होता ना!

फक्त बार्टनच्या जत्रेतली टेप तिने कधी कुणाला दिली नाही. "बॅटरी संपली होती," म्हणायची. सव्वीस वर्षं हेच.

मग एका सकाळी हेमलॉकचा गिटारवाला एसा थर्लो काठी टेकत दारात आला. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात गेला होता.

"बार्टनला मी जे वाजवलं, ते खरंच तसं होतं का गं?" तो म्हणाला. "की म्हातारपणी मीच फुगवून ठेवलंय? आता हात तर गेला. निदान एवढं तरी कळू दे. आहे ना तुझ्याकडे?"

 त्या हाताकडे बघून लॉर्नाला खोटं बोलवेना. तिने टेप लावली.

गिटार चढत गेली, ड्रम्स मागोमाग धावले, एसा डोळे मिटून पुढे झुकला, आणि खट्! शांतता. तिने पुढची कॅसेट घातली, तर एकदम नुसत्या टाळ्या.

"हे काय? बॅटरी?"

"बॅटरी कसली डोंबलाची!" लॉर्ना रडकुंडीला आली. "कॅसेट बदलायची विसरले. नवी हातात धरून उभी होते, तुझं वाजवणं ऐकत, रडत. घड्याळाकडे बघायचं सुचलंच नाही. चार मिनिटं गेली, एसा. तुझी सगळ्यात चांगली चार मिनिटं मी घालवली."



"तू विसरलीस? गांधीलमाशीवाली तू?"

"हो रे बाबा, मी."

तो हसायला लागला आणि हसता हसता रडला. "म्हणजे तसंच होतं," तो म्हणाला. "चल, मला एक भरून दे."

तिने कॅसेट भरली, कव्हरवर तारीख घातली, गाव घातलं. 'खोट' लिहून पेन टेकवलं, तशी एसाने डाव्या हाताने ते काढून घेतलं आणि तो शब्दच खोडून टाकला.