आक्कांचं फ्रेंच

निपाणी मागे पडली आणि मी मनात उजळणी सुरू केली: फि-नि-सों. पुण्यात तीस वर्षं फ्रेंच शिकवलेल्या बाईला उजळणी कशाला? तर बेळगावजवळच्या वडगावातल्या माझ्या विहीणबाई, म्हणजे जावयाची आई, फ्रेंच क्रियापदं अगदी सुरेख म्हणतात, असं लेकीनं फ्रान्सहून कळवलं होतं. सात वर्षांची नात माझ्याशी फोनवर दोन मिनिटं बोलते, त्यांच्याशी तासभर. हेवा वाटतो, हे कबूल करूनच पुढचं लिहिते.

संकेश्वरला उसाच्या ट्रॉल्यांमागे बस अडकली. शेजारच्या बाईंनी कुठं निघालात विचारलं. विहिणीला भेटायला म्हटल्यावर, "लई माया दिसतीया," म्हणाल्या. काकतीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

वडगावात विहीणबाईंना सगळे आक्का म्हणतात. त्यांनी आधी कुंदा (खव्याची बेळगावी मिठाई) दिला, मग हातमागाशी बसून फोन समोर टेकवला. नात पडद्यावर आली. धोटा (आडवा धागा नेणारा) पळाला की आक्कांच्या तोंडून शब्दाचा एक तुकडा, धागा ठोकणारी फणी आपटली की दुसरा: पार-लों. 'इल पार्ल' (ते बोलतात) लिहिताना शेवटी तीन अक्षरं जादा असतात, ती बोलायची नसतात. माझे विद्यार्थी हमखास तिथं घसरतात. आक्का नेमक्या 'पार्ल'वर थांबल्या. त्यांचा घशातला 'र' ऐकून तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग त्या 'श्वा-सि-सों' म्हणाल्या. मला बरंच वाटलं. मी चूक सांगणार तोच नात खिदळली, "सि नाही, झि!"

आक्कांनी माग थांबवला. "व्हय गं, चुकलं माजं. परत सांग बघू."

नातीनं पाचदा सांगितलं, त्यांनी पाचदा म्हटलं.

जेवताना मी विचारलंच, एवढं कसं जमलं?

"मला कुठलं येतंय, विहीणबाई? तिला शिकवाय आवडतंय, म्हणून शिकायचं."

पोर तिकडेच जन्मली, तिकडेच शाळेत जाते, तरी मी फोनवर तिची क्रियापदं सुधारत असते.

प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. परतीच्या बसमधून मी नातीला फोन लावला. तीस वर्षांत कुणाला म्हटलं नव्हतं ते म्हटलं, "एक क्रियापद जमत नाहीये गं, शिकवशील?"



"पण पुण्याची आजी, तुला तर सगळं येतं," म्हणाली, आणि तिनं फोन आईकडे दिला.