सुनेचा दगड आणि माझ्या टाचा

लाखो वर्षं जशीच्या तशी टिकलेली एक वस्ती मी सहा दिवसांत टाचेनं घासून काढली. साबण लावून.

आमची सून पल्लवी नांदेडला दगडांचं शिक्षण घेते. (लग्नात पाहुण्यांना मी कॉम्प्युटर सांगितलं होतं. दगड कसं सांगायचं?) मागल्या वर्षी ती कच्छहून एक दगड घेऊन आमच्या गावी, डोंगरकड्याला आली. चिकटलेली माती सुटावी म्हणून तो तिनं न्हाणीत बादलीत भिजत ठेवला आणि माहेरी जवळा बाजारला गेली. माझ्या लेकाला सांगून गेली, म्हणजे कुणालाच सांगितलं नाही.

दगड खडबडीत, जाळीदार, मुठीत मावणारा. मला वाटलं, सुनेनं माझ्या टाचांच्या भेगा बघून घासायला वजरी आणली. बोलत नाही, पण लेकरू जाणतं! रोज कढत पाण्यानं घासायला लागले. शेजारच्या शांताबाईलाही दोनदा दिला.

सातव्या दिवशी पल्लवी परतली आणि दगड शोधू लागली.

"तो व्हय? लई गुणाचा हाय," मी टाच दाखवली. "भेगा निम्म्या गेल्या बघ."

ती पाटावर बसली. मग हळूहळू सांगितलं. ब्रायोझोआ म्हणून समुद्रातले इवलेसे जीव असतात. लाखो वर्षांपूर्वी त्यांचा असा दगड झाला; दगडावरचं एकेक भोक म्हणजे एकेकाचं घर, शेकडो घरांची मिळून एक वस्ती. सोमवारी हाच दगड कॉलेजातल्या सरांना दाखवायचा होता. ती रागावली नाही, नुसते डोळे भरले. रागावली असती तर बरं झालं असतं.

आमचे हे ओसरीवरून म्हणाले, "म्हणजे तू अख्ख्या गावावर टाच घासून राहिली काय?"

मला जेवण गेलं नाही. सोमवारी मीच तिच्यासोबत नांदेडला गेले. सरांनी भिंग लावलं. एक बाजू पार गुळगुळीत.

"पोरीची चूक न्हाई, साहेब," मी म्हणाले. "मी घासला."

सरांनी दगड उलटा केला आणि दुसरी बाजू भिंगाखाली धरली. तिकडची घट्ट माती कढत पाण्यानं निघून गेली होती, भोकं चाळणीसारखी स्वच्छ. तीच माती सुईनं काढायला महिना गेला असता, म्हणाले. पल्लवीनं माझा हात धरला.

"आईंनी काढली, सर."

येताना तिनं मला बाजारातून नवी वजरी घेऊन दिली. मी आधी दुकानदाराला दोनदा विचारून घेतलं, हिच्यात कुणी राहत तर नव्हतं ना!