तेलातली मेंढरं

विजेशी इतक्या अदबीनं वागणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. मी आज जो काही आहे तो ज्यांच्यामुळे, ते हे आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले वायरमन मामा. हाय व्होल्टेज लॅबची किल्ली त्यांच्याकडे असे. चालू यंत्राजवळ एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे धक्का बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जात नाही, हा त्यांचा नियम. तो अंगात इतका मुरला होता की छावणी भागातल्या घरून सायकलवर येतानाही डावा हात खिशातच. प्राचार्यांच्या निरोप समारंभात सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा मामांनी उजव्या हातानं आपल्याच मांडीवर टाळी वाजवली. बंद यंत्रात उरलेली वीज जमिनीत उतरवायला तांब्याच्या टोकाची एक काठी असते. ती लावल्याशिवाय मामा कशालाच शिवत नसत. एकदा कपाटाला लावताना बघून मी म्हणालो, "मामा, हे तर लाकडाचं आहे."

"ते तुला ठावं हाय. विजेला कुठं ठावं?"

मामा मेंढपाळ घरातले, लहानपणी वडिलांच्या मागं रानोमाळ हिंडलेले. त्यामुळं त्यांचं सगळं विद्युतशास्त्र मेंढरांवरून चाले. फ्यूज म्हणजे कळपाचं कुत्रं, सगळ्यांच्या आधी त्यानं मरायचं. वर्गात सरांनी सांगितलेलं मी वहीत लिहून घेत असे, मामांचं मात्र न लिहिता लक्षात राहिलं.

शेवटच्या वर्षी मी प्रकल्प घेतला तो जास्त दाबाच्या विजेनं तेल आणि पाणी वेगळं करण्याचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बिडकीनच्या एका कारखान्यानं नोकरी देऊ केली होती, पण पास झालो तरच. प्रकल्प फसला तर वर्षही जाणार होतं आणि नोकरीही. शहागंजातून काचेची बरणी आणि दोन पत्रे आणले, तेल-पाणी दुधासारखं पांढरं होईपर्यंत घुसळलं आणि बटण दाबलं. खट्. वीज बंद. चार दिवस नुसतं खट् खट् चाललं होतं. मामा स्टुलावर बसून बघत होते. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हाही त्यांचा एक नियम, आणि मला विचारायचा संकोच. पाचव्या दिवशी त्यांनाच राहवलं नाही.

"काय करायलास रे?"

"तेल आणि पाणी वेगळं करायलोय, मामा."

"तेल किती टाकलंस?"

"दोन चमचे."

"आन् पाणी?"

"लिटरभर."

एवढंसंच तेल का, असं मामांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. आमच्याकडं आई तेल चमच्यानं मोजून घालते. प्रयोगासाठी सबंध पिशवी ओतायला माझा हातच धजेना. मामा हसले नाहीत.

"आईचं बरोबर हाय, पण भाजीपुरतं. हे बघ, पाणी म्हंजे मेंढरं, तेल म्हंजे रान. तेलातून विजेला वाट नाय. मंग ती कडंला हुबी राहून हाकारे घालती, आन् मेंढरं गोळा व्हत्यात. तू रानच पाण्याचं केलंस. मंग वीज कशाला थांबल? निघाली पळून."

पुस्तकात हेच होतं. विजेच्या ओढीनं थेंब ताणले जातात, एकमेकांत मिसळून मोठे होतात, जड होऊन तळाला बसतात. मला ते पाठ होतं. फक्त कोण कोणात आहे, हे मी बघितलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मामांनी ट्रान्सफॉर्मरचं गाळलेलं तेल कॅनभर आणून ठेवलं. त्यात या वेळी पाणी चमचाभर. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर बटण दाबलं. खट् झालं नाही. पांढरट तेल हळूहळू नितळत गेलं. परीक्षकांनी विचारलं, "तेल कमी आणि पाणी जास्त असतं तर?" एवढ्या खात्रीनं उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलं नसेल.

सगळे गेल्यावर मामा काचेला नाक लावून उभे राहिले. "थेंबाला कसं कळतं रे, दुसरा थेंब कुठं हाय ते?"

मी धन भार, ऋण भार सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तुझं झालं. मी थेंबाचं इचारायलो."

आता मी बिडकीनला त्याच कारखान्यात आहे. मध्यंतरी मामा निवृत्त होऊन गावी गेल्याचं कळलं. पत्ता नव्हता, म्हणून गेल्या महिन्यात कॉलेजच्या पत्त्यावर 'वायरमन मामांना पोचवावे' असं लिहून पत्र टाकलं.

"आदरणीय मामांना साष्टांग नमस्कार.

आमच्याकडं जुन्या तेलातलं पाणी काढायची मोठी टाकी आहे आणि आत बघायला काचेची खिडकी आहे. तुम्ही या, हवा तेवढा वेळ बघा. थेंबाचं मला अजून सांगता येत नाही.

एक चूक कबूल करायची आहे. माझ्या अहवालात आभाराच्या पानावर सर आहेत, विभागप्रमुख आहेत, आईवडील आहेत. तुम्ही नाही. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, चार वर्षांत मी तुमचं नाव कधी विचारलंच नव्हतं, आणि तेव्हा विचारायची लाज वाटली. अहवालाची प्रत ग्रंथालयात आहे. हातानं एक ओळ लिहायला ग्रंथपालांची हरकत नाही. कृपया तुमचं पूर्ण नाव कळवा. वडिलांच्या नावासकट."